बुरकुंडांचा धनी

कान्हे,
११ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

हातात फोन असताना ही पोरगी पत्रं कसली लिहिते, असं तू म्हणशील. पण तुला ठाऊक आहे, तुझा फोन आला की आबा स्पीकर लावून पडवीत बसतात आणि तू मला घातलेल्या शिव्या सगळ्या आळीला ऐकू जातात. मला जे सांगायचं आहे ते आबांच्या कानावर इतक्यात जायला नको. म्हणून होस्टेलच्या दिवसांसारखी पुन्हा पत्रापत्री. कैलास दुधाचा टेम्पो घेऊन रोज लोणावळ्याला येतोच, त्याच्या हाती देत-घेत जाऊ.

गोठ्याचं काम उरकलं. फरशी झाली, भिंतींना धुता येईल असा रंग लागला आणि मधोमध ती मोठी प्रेशरची टाकी बसली. तिची तपासणी तेवढी राहिली आहे. दाराबाहेर चपला काढायच्या असा मी नियम केला. आई काढते. आबा काढत नाहीत, म्हणून आतही येत नाहीत. गोठ्यात शिरायला कुणी पायताण काढतं व्हय, असं म्हणून उंबऱ्याशी उभे राहतात आणि काय ते तिथूनच बोलतात. म्हशी सध्या आंब्याखालच्या मांडवात आहेत. आबांनी सरळ सांगून टाकलंय: भाताची पेरणी होईपर्यंत गोठा तुझा. तोवर तुझा माल कुणी घेतला तर म्हशींना दुसरं छप्पर घालीन. नाही तर म्हशी आत आणि तू वापीच्या नोकरीवर. वापीवाल्यांनी जूनपर्यंत जागा राखून ठेवली आहे. मला जायचं नाही गं आत्या. अजिबात जायचं नाही.

तू विचारलं होतंस, करतेस तरी काय नेमकं. झाडाच्या टणक भागात एक तंतू असतो. तो दाबाखाली पाण्यात शिजवला, मग त्यावर एन्झाइम सोडलं, की त्याचे बारीक तुकडे पडून गोडसर पाक तयार होतो. आपल्याला तो पचत नाही, पण आपल्या आतड्यात जे चांगले जिवाणू मुक्कामाला असतात त्यांचं ते आवडतं खाणं. थोडक्यात, मी पोटातल्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. पुण्याची एक बिस्किटांची कंपनी असा पाक शोधते आहे. त्यांच्या चैताली मॅडम मे महिन्यात स्वतः बघायला येणार आहेत.

आधी मी भाताचा पेंढा धरला होता. कॉलेजात ‘शेतातला टाकाऊ माल’ असा एक धडाच होता आम्हाला. कसला टाकाऊ! पेंढ्याला हात लावावा तर तो म्हशींचा. त्यातला कुजका राबाला, रोपाच्या वाफ्यावर पसरून भाजायला. उरलेला आंब्याच्या आढीला. तूस मागितलं तर वीटभट्टीवाल्यानं आधीच सांगून ठेवलेलं, आणि कोंडा आईच्या कोंबड्यांचा. आपल्याकडे काडीकाडीला धनी आहे.

धनी नसलेलं एकच काहीतरी आठवलं. तुमच्या लोणावळ्याला येणारे लोक भाजलेली कणसं खातात आणि दाणे संपले की बुरकुंडं तिथंच फेकून गाडीत बसतात. त्या बुरकुंडांत हा तंतू भरपूर असतो. मला तो कचरा हवा आहे. देशील गोळा करून?

उत्तराची वाट बघते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
राजू


लोणावळा,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. राजू हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

एवढी शिकलीस आणि शेवटी आत्याकडे मागितलंस काय, तर कचरा. साडी मागितली असतीस तर मीही जरा तोरा मिरवला असता. असो. आज कैलासबरोबर पोती पाठवली आहेत, ती उतरवून घे.

रविवारी संध्याकाळी आपला भज्यांचा गाडा आवरला आणि चंपाला घेऊन पॉइंटवर गेले. चंपा म्हणजे माझ्याकडे भज्यांच्या तयारीला येते ती, तू पाहिली आहेस. दोघी वाकून वाकून बुरकुंडं वेचत होतो, तर लोकांना वाटलं आम्ही डोंगर साफ करायला निघालोय. एका मुलीनं आमचा फोटो काढला, थँक्यू आंटी म्हणाली, आणि हातातलं बुरकुंड माझ्याच पोत्यात टाकून गेली. चंपा घरी येईपर्यंत हसत होती. आता दर रविवारी जाऊ, त्या निमित्तानं माझंही चालणं होतं.

पण एक सांगून ठेवते. ही सगळी उष्टी आहेत. हणमाचा स्वभाव तुला मी सांगायला नको. तुझा बाप स्वतः एक वेळ कुणाचं अर्धं राहिलेलं खाईल, पण दुसऱ्याच्या ताटात उष्टं वाढायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. तेव्हा पोती आली की लगेच धू, वाळव आणि बारीक तुकडे कर. दातांच्या खुणा राहू देऊ नकोस. लपवाछपवी मला आवडत नाही, पण तुला वापीला धाडायचं त्याहून आवडत नाही.

हणमाचं पोट कसं आहे? अजून सकाळचा तास तास तिकडेच जातो का? इसबगोलाचा डबा संपला असेल तर कळव, इथं चांगला मिळतो.

तुझ्या आईला, रेणुकेला, माझी आठवण सांग. पत्र वाचून झालं की चुलीत घाल, पण माझ्यावरचा जीव जपून ठेव.
तुझी आत्या,
सरू


कान्हे,
२ मे २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, सगळं संपलं.

नीट सांगते. टाकीची तपासणी लांबत गेली, म्हणून पहिली चाचणी मी आईच्या जुन्या कुकरमध्ये अंगणातच घेतली. थोडासाच पाक निघाला, पण निघाला! भाजक्या मक्यासारखा खमंग वास होता त्याला. मी आणि आई येड्यासारख्या नाचलो. तू पाठवलेली बाकीची पोती गोठ्यामागं रचून ठेवली होती. टाकी चालू झाली की ती वापरायची होती, आणि परवाच टाकी पास झाली.

तुकडे करताना माझ्या हातून एक बुरकुंड निसटलं असावं. आबा शेण काढून येत होते, त्यांच्या पायाशी ते आलं. त्यांनी उचललं. त्यावर एका लहान मुलाच्या दातांची ओळ होती, बारीक बारीक. आबा तिथंच दगडावर बसले. मला हाक मारली आणि विचारलं, ही लोकांनी खाल्लेली हायेत का. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं की इतक्या कडक उष्णतेत कसलाही जंतू टिकत नाही, शुद्ध पाक उतरतो. ते म्हणाले, तुजं खरं आसंल, शिकल्याली हायेस. पण परक्याच्या लेकराच्या बिस्किटात ह्ये घालायचं आन त्याच्या आईला सांगायचं न्हाई, ह्ये मला जमायचं न्हाई.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. काल राब भाजायचा दिवस होता. मी कामाला तळेगावला गेले होते. संध्याकाळी आले तर वाफ्यावर शेण, पाला, पेंढा आणि त्याच्यावर माझी सगळी पोती रिकामी केलेली, आणि आग अर्ध्यावर आलेली. आबा वाऱ्याच्या बाजूला डहाळी घेऊन उभे होते. माझ्याकडे बघितलंही नाही. कुकर तर भंगारवाल्याला देऊन टाकला, आई अजून त्याच्यासाठी हळहळते आहे.

चैताली मॅडम या महिन्याच्या वीस तारखेला येणार. त्यांना दाखवायला टाकी आहे, आणि टाकीत घालायला माझ्याकडे काही नाही. खरं सांगू? मला आबांचा राग येतो आहे, आणि त्यांचं म्हणणं पटतंही आहे, आणि ते पटतं म्हणून आणखी राग येतो आहे. वापीला होकार कळवायचं पत्र लिहून ठेवलंय. अजून टाकलेलं नाही.

तू एवढं वाकून वेचलंस आणि त्याची राख झाली. मला माफ कर. प्रेम कमी करू नकोस, आत्ता मला त्याची गरज आहे.
तुझी,
राजू


लोणावळा,
४ मे २०२४

चि. हणमंतास,
आक्काचे आशीर्वाद. रागात असले तरी आशीर्वादच.

फोन करणार होते, पण तू स्पीकर लावशील आणि मी जे बोलेन ते रेणुकेनं ऐकू नये असं असेल. म्हणून लिहिते. कामधंदा सोडून नीट वाच.

उष्टं लोकांना खायला घालायचं नाही हे तुझं बरोबर आहे. मीही त्यात सामील होते, मलाच आधी कळायला हवं होतं. पण पोरगी तळेगावला गेलेली बघून तिच्या माघारी पोती पेटवायची, ही कुठली रीत? तिला समोर उभं करून जाळली असतीस तर ती रडली असती, भांडली असती, आणि दोघांचं मन मोकळं झालं असतं. तू लहानपणापासून असाच. तोंडानं बोलायचं नाही आणि हातानं करून मोकळं व्हायचं. ती वापीला गेली तर पडवीत स्पीकर लावून कुणाचा आवाज ऐकणार आहेस तू? माझा? मी तर बोलणारच नाही तुझ्याशी.

आणि तिनं तरी काय चुकीचं मागितलं? म्हणाली, आत्या, जे लोक फेकतात ते दे. ज्याला धनी नाही असं काही दे. मी ते दिलं. आता माझ्याकडे फेकण्यासारखं दुसरं

मधेच उठले होते. सकाळचं पाणी तापवायचं होतं, बंब विझत आला होता. हणमा, आता मी जे लिहिते ते वाचून मला हसू नकोस.

आमच्याकडे भज्यांना रोज टोपलीभर कणसं लागतात. मी आणि चंपा पहाटे मागच्या पडवीत बसून सुरीनं दाणे उतरवतो. कच्चेच. कुणाचं तोंड नाही, कुणाचा दात नाही. दाणे भज्यांत जातात आणि बुरकुंडं पत्र्यावर वाळत पडतात. वाळली की बंबात. इतकी वर्षं माझं आंघोळीचं पाणी त्यावर तापतंय. आत्ता बंबात एक घालायला हातात घेतलं, आणि तशीच उभी राहिले. चंपानं विचारलं, मावशी, चटका बसला का.

तूच सांग, मला हे आधी का सुचू नये? राजूनं कचरा मागितला. ही बुरकुंडं मी कधी कचऱ्यात धरलीच नाहीत, ती तर माझं जळण! म्हणून डोंगरावर जाऊन लोकांची वेचत बसले आणि घरची बंबात घालत राहिले. शेजारच्या दोन भजीवाल्यांच्या घरीही हेच चालतं, चंपा आत्ताच विचारून आली.

मी ही कैलासबरोबर पाठवणार नाही. तू स्वतः ये. पहाटे ये, पडवीत बस, आणि एकेक कणीस स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग तुला पटलं तर तुझ्या हातानं पोती भर. नाही पटलं तर चहा पिऊन परत जा.

राजूला यातलं काही कळवलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस, तोंडानं.

रागावले आहे, पण तू माझा आहेस हे विसरलेले नाही.
आक्का


कान्हे,
२३ मे २०२४

ती. आक्कास,
हणमंताचा दंडवत.

मला तुज्यासारकं लिवता येत न्हाई. जसं तोंडाला येतंय तसं लिवतो.

तुज्याकडनं पोती घिऊन आलो त्या दिवशी राजीला हाक मारली आन सांगितलं, ही कुणी तोंड न लावल्याली हायेत, म्या सोता बसून बघितल्यात. आन म्हणलं, तुज्या माघारी जाळाया नको व्हती. येवडंच बोललो. ती लय रडली. मला वाटलं आता आजून काय चुकलं. रेणुका म्हणाली, गप ऱ्हावा, ही बरी रडतीया.

सोमवारी त्या म्याडम आल्या. बाईनं चपला भायेर काढल्या, डोक्याला टोपी घातली, आन पयलाच सवाल, बुरकुंडं कुटनं आणता. राजीनं तुज्या पडवीचं सांगितलं. मला वाटलं झालं. पर ही पोरगी थांबंना. म्हणाली, म्याडम, त्याच्या आदी म्या लोकांनी फेकल्याली गोळा केलती. कुकरात येकदा शिजवून बघितली. ह्या टाकीत त्यातलं येक बी गेल्यालं न्हाई, माज्या वडलांनी समदी राबात जाळली. आक्का, मी उंबऱ्यावर उबा व्हतो. म्हणलं, कशाला सांगायचं ह्ये? गेली आता बिस्किटं.

म्याडमनी ह्ये समदं वहीत लिवून घेतलं. मंग म्हणाल्या, राब दाखवा. म्या त्यास्नी वाफ्यावर नेलं. त्यांनी राख पायानं जरा हलवून बघितली. मंग मला म्हणाल्या, काका, त्यातलं येक बी बुरकुंड मला टाकीपाशी दिसलं आसतं तर मी दारातनंच फिरले आसते. आन राजीला म्हणाल्या, तुमी न सांगता मला मागनं कळलं आसतं तरी बी फिरले आसते. नमुना घिऊन गेल्यात. पुन्याला तपासून कळवत्याल.

काय व्हईल ते व्हवो. पर तिनं न घाबरता खरं सांगितलं, तवा माजी छाती भरून आली. ह्ये तिला म्या सांगितलं न्हाई. तू सांग.

वापीचं पत्र तिनं फाडलं. आजून निकाल न्हाई तरी फाडलं.

तुज्या बंबाला आता जळण न्हाई म्हणून कैलासबरूबर ऐनाच्या फांद्या पाटवल्यात. वाळल्याल्या हायेत. दर म्हयन्याला पाटवीन.

पोट बरं हाय. राजीच्या नव्या पाकाचा येक चमचा चहात घेतो. तिला ठावं न्हाई. रेणुकेला ठावं हाय. इसबगोल पाटवू नगस.

बोलत जा फोनवर. स्पीकर लावत न्हाई.
तुजा,
हणमा


कान्हे,
७ जुलै २०२४

ती. आत्यास,
राजेश्वरीचा नमस्कार, आणि या वेळी नमस्कारासोबत पेढे.

निकाल फोनवर कळवला तेव्हा तू एवढ्या मोठ्यानं ओरडलीस की स्पीकरची गरजच पडली नाही. पण मला हे सगळं शांतपणे लिहायचं होतं. पाक पास झाला. कंपनी गणपतीपासून दर महिन्याला माल उचलणार. तुझ्यासकट तिन्ही भजीवाल्यांची बुरकुंडं आता माझी. कैलास म्हणतो, त्याच्या टेम्पोत दुधापेक्षा बुरकुंडंच जास्त झाली. म्हशींचं नवं छप्पर उभं राहतंय, आबा आणि गावातले दोघे भर पावसात पत्रे ठोकतायत. मला रात्री झोप लागते गं आत्या. किती महिन्यांनी लागते आहे हे मलाच आत्ता कळलं.

आबांनी तुला लिहिलेलं तू मला वाचून दाखवलंस ते मी त्यांना सांगितलेलं नाही. चहातला चमचाही मला माहीत नाही असंच मी दाखवते. बाटलीतला पाक रोज थोडा कमी होतो, आणि मी रोज ती काठापर्यंत भरून ठेवते.

रोप फार सुंदर आलंय. ज्या वाफ्यावर बुरकुंडं जळाली तिथलं रोप बाजूच्यापेक्षा गडद आहे. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वाफा दाखवतात. पुढच्या आठवड्यात लावणी, तू आणि चंपा दोघी या.

एक अडचण मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. पाक काढून झाला की चोथा उरतो, आणि तो खूप उरतो. टाकीमागं, पार मागच्या दारापर्यंत त्याचा ढीग झाला. ज्यानं त्यानं आपापलं सांभाळून वापरलेलं या गावात, आणि कचरा केला तो मी! आई म्हणाली उकिरड्यावर टाक. कैलास म्हणाला ओढ्याला सोड, तर आईनं त्याला दम भरला. मी विचार करत बसले होते, याचं करू काय.

काल दुपारी पाऊस जरा उघडला तेव्हा आबा मोकळी टोपली घेऊन आले. नेहमीसारखे उंबऱ्याशी थांबले. घसा साफ केला. तो चोथा कुणाला सांगून ठेवलाय का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. म्हणाले, मंग माज्या राबाला दे, वाळवून ठिवतो, पुढल्या सालाला व्हईल. मला आज्ञा करणारे आबा, आत्या, चक्क मागत होते.

मी म्हटलं, घ्या की, आत आहे. आणि मागच्या दाराबाहेर उभं राहूनही टोपली भरता येते हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

आबांनी टोपली खाली ठेवली. चिखलानं भरलेल्या चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या. पन्हाळीच्या पाण्याखाली पाय धुतले, धोतराच्या सोग्यानं पुसले, जसे स्वयंपाकघरात जेवायला येताना पुसतात तसे. आणि मग आत आले.

तू इथं असायला हवी होतीस. जीव लावत आलीस, तशीच लावत राहा.
तुझी,
राजू